कोरड्या पळ्यातलं पाणी

१

सोनबानं ओला पळा वापरला, याबद्दल अख्ख्या कारखान्याचं एकमत झालं होतं. आठ दिवसांत ते इतकं पक्कं झालं, की शेवटी सोनबाही त्यात सामील झाला.

गुरुवारी सकाळी तो ताथवड्याला माझ्या दारात उभा राहिला. सोनबा आमच्या गावचा, अगदी परसाला परस लागून. सत्तावीस वर्षं चाकणच्या एका ॲल्युमिनियम ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर आहे. आणि मी जयमाला. बत्तीस वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल शिकवून रिटायर झालेली बाई. जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, मी खोडून काढत नाही.

चहासाठी पेला विसळून त्याच्यापुढं ठेवला, तर त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तो आतून-बाहेरून पुसला. चहा ओतणार तेवढ्यात परत पुसला. मला रागच आला. माझ्या घरचा पेला काय घाण असतो? पण आत थेंब राहिलाय का, ते तो पेला उजेडाकडं धरून बघत होता.

झालेलं असं. भट्टीत वितळलेलं ॲल्युमिनियम लांब दांड्याच्या लोखंडी पळ्यानं उचलून साच्यात ओततात. पळ्याला धातू चिकटू नये म्हणून एका पांढऱ्या पावडरीचा लेप देतात, आणि तो भट्टीच्या तोंडाशी खणखणीत वाळवतात. पळ्यात पाण्याचा अंश राहिला तर त्याची एका क्षणात वाफ होते आणि सातशे डिग्रीचा धातू उसळून अंगावर येतो. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सोनबानं पळा बुडवला आणि धातू उसळला. समोर मालोजी होता. त्याचा डावा गाल, मान आणि डावा डोळा भाजला. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या डोळ्यावर अजून पट्टी होती.

मालोजी म्हणजे सोनबाचा जावई. यानंच शब्द टाकून त्याला कामाला चिकटवलेलं. आता लेक, अपेक्षा, बापाला वॉर्डात पाऊल टाकू देत नव्हती.

"पळा म्या वाळवला व्हता, जयाबाई," सोनबा म्हणाला. "पर समदी म्हंत्यात, न्हाई वाळवला. इचार करून करून आता मलाच वाटाया लागलंय, न्हाई वाळवला आसंल."

त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं का, असं मी खोदून खोदून विचारलं. फार वेळानं त्याला एवढंच आठवलं, की पावडरीचा डबा नवा फोडला होता. पावडर पाण्यात कालवताना जरा किरकिरी लागली, लेप नीट धरेना, म्हणून त्यानं ब्रशचे दोन हात जास्त दिले. नवा डबा, नवी तऱ्हा, असं म्हणून सोडून दिलं.

सोमवारी चौकशी होती. निकाल काय लागणार हे उघड होतं. नोकरी गेली तर जाऊ द्या, म्हणाला, पण पोरीला काय सांगू तेवढं तुम्ही मला शोधून द्या.

२

कारखान्याचा मालक शेखर येळवंडे. माझ्याच प्रॅक्टिकलला दोनदा नापास झालेला. मला बघून तो खुर्चीतून उठलाच. वडिलोपार्जित जमिनीवर कारखाना उभा केलाय, माणूस वाईट नाही, पण कागदावर लिहिलेलं सगळं खरं मानतो. त्याच्या टेबलावर अपघाताचा अहवाल होता: लेप पुरेसा न वाळवल्यामुळे अपघात. खाली सही, प्रभाकर सबनीस, क्वालिटी विभागाचे प्रमुख.

सबनीस स्वतःच मला कारखाना दाखवायला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला ओळीनं तीन पेनं, बोलणं मऊ. रिटायरमेंटला एक वर्ष उरलेलं. एक मोजमापाचं हत्यार हातून पडलं म्हणून त्यांनी मागं एका कामगाराला आठवडाभर घरी बसवलं होतं, हे मला दारावरच्या वॉचमननंच सांगितलं. 'सबनीस साहेबांच्या हातून कधी काही सांडत नाही,' असं तिथं म्हणायची पद्धतच होती.

पावडरीबद्दल त्यांनी मला, म्हणजे मला, समजावून सांगितलं. बोरॉन नायट्राइड. परदेशातून येते, महाग असते. पांढरी, हाताला गुळगुळीत, आणि वितळलेल्या धातूलाही दाद न देणारी. मी मान डोलावली. बत्तीस वर्षांत मान डोलवायला मी चांगली शिकले आहे.

तिचे डबे क्वालिटीच्या कपाटात कुलपात असायचे. दसऱ्याच्या मुहूर्तावर सबनिसांनी त्या कपाटाची किल्ली दीक्षाच्या हातात दिली होती. दीक्षा म्हणजे त्यांच्या हाताखालची नवी इंजिनिअर, जेमतेम पंचविशीची. माझ्याशी बोलताना तिनं एकदाही नजर वर केली नाही. तुम्ही कपाट आवरलंत का, असं विचारल्यावर तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, फक्त फडकं मारलं होतं. फळीवर पांढरी धूळ होती. कधी मारलं, तर म्हणे दसऱ्यालाच, किल्ली घेतल्यावर. ही मुलगी काहीतरी लपवतेय, असं माझं तेव्हा ठाम मत झालं.

फोडलेला डबा स्टोअरमध्ये अर्जुनरावांनी बाजूला ठेवला होता. अर्जुनराव स्टोअरकीपर, सोनबाचे जुने दोस्त आणि कारखान्यातले कॅरमचे चॅम्पियन. डबा देताना त्यांनी अपघाताविषयी दोन वाक्यं सांगितली आणि कॅरमविषयी वीस. दसऱ्याच्या स्पर्धेसाठी त्यांनी पिंपरी कॅम्पातून किलोभर बोरिक पावडर आणली होती, तीच खंडेनवमीच्या साफसफाईत कुणीतरी लंपास केली. कँटीनच्या अंबुबाईनं झुरळांना घातली असणार, असा त्यांचा संशय होता. स्पर्धा तशीच, घासत्या बोर्डावर झाली आणि ते हरले. ते दुःख त्यांच्या तोंडावर अजून ताजं होतं.

अंबुबाई त्यांच्याशी आठ दिवस बोलत नव्हती. किलोभर पावडर घालायला माझ्या कँटीनात काय झुरळांचं लगीन होतं का, असं तिनं मला विचारलं.

मी डबा पिशवीत घातला. निघताना कँटीनमधून कपभर उकळतं पाणी मागितलं, चहाचा चमचाभर पावडर त्यात टाकली आणि ढवळली. बोरॉन नायट्राइड पाण्यात विरघळत नाही. कितीही उकळा, ती आपली तरंगत, नाहीतर तळाशी बसून राहते.

कपात बघितलं. पाणी आरपार दिसत होतं. पावडर गायब झाली होती.

३

घरी येऊन मी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली. ओजस, माझा नातू, त्या दिवशी शाळेतून आला आणि गॅसवर परीक्षानळी बघून आल्या पावली खेळायला गेला.

वाटीत थोडं स्पिरिट घेतलं, त्यात ही पावडर मिसळली आणि काडी लावली. ज्योत हिरवीगार पेटली. म्हणजे बोरॉन होतं. पण नायट्राइड नव्हतं, बोरिक ॲसिड होतं. कॅरमच्या बोर्डावर टाकतात ते, झुरळांच्या गोळ्यांत असतं ते.

बोरॉनचं घराणं मोठं आहे. भट्टीतून काढून गार ओट्यावर ठेवलं तरी न तडकणारं काचेचं भांडं, मोटारीच्या सांगाड्यातलं कडक पोलाद, सोनार डाग देताना वापरतो तो टाकणखार, सगळे एकाच कुळातले. पण भावाभावांचे स्वभाव सारखे असतात असं कुणी सांगितलंय? बोरिक ॲसिडही पांढरं, तेही हाताला गुळगुळीत. डोळे मिटून चिमटीत धरलं तर भलाभला फसेल.

खरा प्रश्न पाण्याचा होता. सोनबानं लेप वाळवला होता की नव्हता? मी ती पावडर दिवसभर गच्चीत कडक उन्हात पसरली. टीपकागदानं दाबून बघितली, कागद कोरडा. मग कोरड्या नळीत घातली आणि आच दिली. दोन मिनिटांत नळीच्या थंड तोंडाशी थेंब जमले. खरेखुरे पाण्याचे थेंब, नळीतून ओघळायला लागले.

मी तिथंच स्टुलावर बसले आणि मला रडू आलं. सांगायला लाज कसली! पाणी पळ्यावर नव्हतं. ते पावडरीच्या अंगातच बांधलेलं होतं. टाकणखार तव्यावर टाकला की फुगून त्याची लाही होते, ती अशाच अंगच्या पाण्यामुळे. सोनबाच्या हाताला, डोळ्याला, कागदाला, सगळ्यांना तो लेप कोरडाच लागला असणार. भट्टीच्या तोंडाशी त्यातलं थोडं पाणी गेलं, उरलेलं सातशे डिग्रीत बुडाल्यावर एकदम सुटलं. सोनबा खरं बोलत होता.

शेखरला फोन केला. तो म्हणाला, "बाई, सबनीस साहेबांशी बोलतो."

अर्ध्या तासानं त्याचाच फोन आला. सबनीस म्हणाले होते, की असं असेल तर फार गंभीर आहे, पण किल्ली दसऱ्यापासून दीक्षाकडे आहे. कपाट पुसल्याचं तीही कबूल करते. खऱ्या पावडरीला बाहेर गिऱ्हाईक मिळतं. दीक्षाला सोमवारी राजीनामा द्यायला सांगितलं होतं. नाही दिला तर पोलीस.

४

एका निरपराध माणसाला सोडवावं आणि दुसरं कुणीतरी त्याच फासात अडकावं, हे मला पटेना. दीक्षानं चोरी केली असेल? नजर चोरत होती हे खरं. पण बत्तीस वर्षांत मी नजर चोरणाऱ्या किती पोरी बघितल्या, त्यातल्या निम्म्या फक्त मला घाबरत होत्या.

मी डबा पुन्हा टेबलावर घेतला आणि या वेळी पावडरीऐवजी डबा बघितला.

खंडेनवमीला आपल्याकडे कारखान्यात काय काय पुजतात, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. भट्टी, प्रेस, पाने, हातोडे, फोर्कलिफ्ट, इतकंच काय, लेथवरचा पंखासुद्धा. आदल्या दिवशी सगळा कारखाना धुऊन काढायचा आणि नवमीला प्रत्येक वस्तूवर ओल्या हळदीची बोटं ओढायची. या डब्यावरही हळदीची चार बोटं होती, झाकणावरून खाली अंगावर उतरलेली. डबा फोडताना झाकण फिरलं होतं, म्हणून अर्धी बोटं इकडं आणि अर्धी तिकडं झाली होती.

बोटं पिवळी होती. फक्त झाकणाच्या कडेच्या खोबणीत, जिथं हळद दाबून बसली होती, तिथं ती विटकरी लाल होती.

शनिवारी सकाळी मी अंबुबाईच्या घरी गेले. खंडेनवमीची हळद तिनंच लावली होती, सबंध कारखान्याला. तिचं माहेर कुंकू करणाऱ्यांचं. तिनं डबा उजेडात धरला, नखानं लाल भाग खरवडला आणि मला म्हणाली, की हळदीला सवागीच्या जातीचं काहीतरी लागलंय. सवागी म्हणजे टाकणखार. हळद, लिंबू आणि सवागी, यांचंच तर कुंकू होतं. माहेरच्या सवयीनं ती पूजेच्या हळदीतही लिंबू पिळते.

मी म्हटलं, साबणानं किंवा चुन्यानंही हळद लाल होते. साफसफाईचा साबण राहिला असेल.

"चुन्याची लाली लिंबानं जाती, बाई," ती म्हणाली. "सवागीची जात न्हाई. सवागी लागली की हळद पुन्हा हळद व्हत न्हाई."

तिनं लिंबू कापलं आणि त्या लाल कडेवर पिळलं. आम्ही दोघी बघत बसलो. लाल रंग हलला नाही.

मग मी डब्यातली चिमूटभर पावडर झाकणावरच्या सुक्या, पिवळ्या बोटांवर टाकली, बोटानं चोळली आणि झटकली. हळद पिवळीच राहिली. सुक्या हळदीवर नंतर पडलेली पावडर काही करत नव्हती. रंग बदलायला हळद ओली लागते, आणि ही हळद ओली होती फक्त एकाच दिवशी.

त्या लाल कडेनं मला नाव सांगितलं होतं. पण ते नाव माझं मलाच खरं वाटत नव्हतं.

५

सोमवारी शेखरच्या केबिनमध्ये सगळे होते. सोनबा दाराशी उभाच राहिला, खुर्ची दिली तरी बसला नाही. दीक्षाच्या मांडीवर राजीनाम्याचं पाकीट होतं. अर्जुनराव आणि अंबुबाई एकमेकांकडे पाठ करून बसले होते. सबनिसांनी माझ्यासाठी पाण्याचा ग्लास सरकवला.

मी आधी नळी तापवून दाखवली. थेंब ओघळले तेव्हा सोनबा पुढं आला, नळीत वाकून बघितलं आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. मग मी डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हळदीची गोष्ट सांगितली. खंडेनवमीला ओली हळद लागली, तेव्हा या डब्याच्या कडेला बोरिक पावडर आधीच सांडलेली होती. म्हणजे अदलाबदल नवमीच्या आधी झाली. दीक्षाला किल्ली मिळाली दसऱ्याला. तिनं फळीवरची जी धूळ पुसली, ती दुसऱ्याच कुणाची होती.

"मग पुरवठादारानंच खोटा माल पाठवला असणार," सबनीस शांतपणे म्हणाले. "मला पहिल्यापासून शंका होती."

याच वाक्याची मी वाट बघत होते. शेखरला मी मालाच्या तपासणीची फाईल काढून ठेवायला सांगितलं होतं. त्यातला एक कागद मी वाचला. डबे आले तेव्हाचा, नवमीच्या बारा दिवस आधीचा. तिन्ही डबे उघडून तपासले, पावडर उकळत्या पाण्यात विरघळत नाही, माल बरोबर, पुन्हा बंद करून कपाटात ठेवला. सही प्रभाकर सबनीस.

"साहेब, तुमची सही खरी असेल तर माल आला तेव्हा चांगला होता. हळद खरी असेल तर नवमीला खराब होता. मधल्या बारा दिवसांत किल्ली कुणाकडे होती?"

मग अंबुबाईनं पदर सावरला. पूजेच्या दिवशी कपाट उघडून देताना साहेब तिला म्हणाले होते, त्या एका डब्याला नको लावू, बाकीच्यांना लाव. एकाला सोडून कसं चालंल म्हणून तिनं लावलीच होती. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं, म्हणाली.

सबनिसांनी खिशातली तिन्ही पेनं काढून टेबलावर ठेवली. का, ते त्यांनाच ठाऊक. मग बोलले. साफसफाईच्या दिवशी फळी पुसताना त्यांच्या हातून डबा निसटला आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत रिकामा झाला. नवीन माल यायला महिना लागणार होता. सगळ्यांसमोर कबूल करायचं, तर इतकी वर्षं ज्यांना ज्यांना झापलं ते सगळे आठवले. समोर अर्जुनरावांची पिशवी पडली होती. तीही पांढरी, तीही गुळगुळीत, आणि तीही बोरॉनचीच. फार तर लेप थोडा कमी टिकेल, असं त्यांना वाटलं. नवा माल आला की बदलून टाकणार होते, पण सोनबानं तोच डबा आधी फोडला.

"आणि अपघात झाल्यावर?" शेखरनं विचारलं.

"त्याच संध्याकाळी कळलं," सबनीस म्हणाले.

अहवालावर तारीख त्याच संध्याकाळची होती. डबा सांडला याचा मला राग नव्हता. माझ्या हातून कमी बरण्या फुटल्या नाहीत. पण सगळं कळल्यावर, शांतपणे बसून, सुवाच्य अक्षरात एका माणसाला खोटं ठरवायचं आणि तो फास ढिला झाला तर लेकीच्या वयाच्या पोरीला पुढं करायचं! मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेखर म्हणतो, नापास झाला तेव्हाही त्यानं माझ्याकडून एवढं ऐकलं नव्हतं. पोलिसांना त्यानंच फोन लावला. दीक्षानं पाकीट फाडलं नाही, घडी करून पर्समध्ये ठेवलं. अर्जुनराव अंबुबाईपाशी जाऊन उभे राहिले आणि चुकलं म्हणाले.

सोनबा जागचा हलला नव्हता. त्यानं मला एकच विचारलं.

"म्हंजी पळा कोरडा व्हता?"

"कोरडा होता, सोनबा. तू वाळवला होतास."

तो भिंतीला टेकून खाली बसला.

६

शेखरनंच गाडीनं आम्हाला पिंपरीला सोडलं. येताना त्यानं अपेक्षाला फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी वॉर्डाच्या दारात सोनबाचे पाय अडले. दहा-बारा दिवसांची आडकाठी, एका फोननं कशी उठेल? अपेक्षा बाहेर आली. बापाकडं बघितलं, बाजूला झाली आणि त्याला आत जायला वाट दिली.

मालोजीच्या डोळ्यावरची पट्टी सकाळीच काढली होती. त्या डोळ्यानं अंधुक दिसतंय, पुढं किती सुधारेल ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. त्यानं मान वळवली, त्याला जड गेलं ते.

"मामा, बसा," तो म्हणाला.

सोनबा स्टुलाच्या कडेवर बसला. अपेक्षानं चहाचा थर्मास काढला. कोपऱ्यातल्या नळाखाली पेला विसळला आणि तसाच, पाणी ठिबकत असलेला बापापुढं धरला. सोनबाचा हात सवयीनं खांद्यावरच्या पंच्याकडं गेला. तो पेला पुसायला लागला. एकदा पुसला. परत पुसायला लागला.

अपेक्षानं त्याच्या हातातून पंचा काढून घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला.

"राहू दे आबा," ती म्हणाली. "ओला आसला तरी चालतंय."

आणि तिनं त्या ओल्या पेल्यात चहा ओतला.